पावणेचारचं भूत

छे छे, उठताय कुठे, काका? कॅसेट काही पळून जात नाही — सव्वीस वर्षं त्या टीव्हीखालच्या खणात पडून आहे, अजून दहा मिनिटांत तिला पाय फुटणार नाहीत. बसा. ती खुर्ची नको, ती डुगडुगते, तुमच्या विहिरीसारखी. असं बघू नका माझ्याकडे, डुगडुगायचीच ती विहीर! नायक कठड्याला टेकला की कठडा आत दबायचा आणि त्यानं हात काढला की हळूच फुगून वर यायचा. शंभर वर्षांची दगडी विहीर म्हणे! पुठ्ठ्याची होती ना? — काय? प्लायवूड? प्लायवूड कधीपासून फुगायला लागलं? — हां, वरून कापड. रंगवलेलं कापड. तेच म्हणतेय मी.

कॅसेट देणार आहे मी, फोनवर सांगितलंय तसं. फुकट देणार आहे. माझी एकच अट आहे, आई आतून येईपर्यंत तुम्ही इथं बसायचं. तिला तुम्हाला भेटायचंय. — का ते नाही सांगणार. तिनं शपथ घातलीय मला, की तू तोंड उघडायचं नाहीस, त्यांना आपणहून काही आठवतं का ते बघू. झालं, हे सुद्धा बोलायचं नव्हतं. जाऊ दे. सकाळपासून कपाटासमोर उभी आहे बाई, हे घालू का ते घालू, आणि मी म्हणतेय, अगं आई, राष्ट्रपती नाही येणारेत, तेरा भागांची एक भिकार भुताची मालिका काढून घरी बसलेला एक म्हातारा माणूस येणार आहे. — सॉरी. पण तुम्ही घरीच बसलात ना त्यानंतर? नाही, तुम्ही चांगलं केलंत. काही लोक बसत नाहीत.

आणि नाव काय, तर ‘पाऊल वाजे विहिरीपाशी’! काका, विहिरीपाशी गवत होतं. गुडघाभर गवत. गवतात पाऊल वाजतं होय? तुमच्याकडे वाजायचं, कारण तुमच्याकडे आवाज मुळात तीनच होते — एक पावलाचा, एक घुबडाचा आणि एक करकरण्याचा. तो करकरण्याचा तर इतका आवडता की दार उघडलं तरी करकर, विहिरीचा रहाट फिरला तरी करकर, पाचव्या भागात तो म्हातारा माळी खाली वाकतो तेव्हा त्याच्या गुडघ्यालाही तीच करकर! मी तीनदा मागे घेऊन ऐकलं. एकच आवाज. — पाचवा भाग कुठे बघितला? आहे कुणाकुणाकडे काय काय, लोकांनी तुकडे तुकडे टाकलेत इंटरनेटवर. अख्खा आठवा तेवढा या माझ्या कॅसेटशिवाय कुणाकडेच नाही. तुमच्या त्या वाहिनीनं तुमच्याच टेपा पुसून त्यांच्यावर स्वयंपाकाचे कार्यक्रम भरले, हे ऐकून खरं सांगू, मला इतकं बरं वाटलं — म्हटलं, चला, त्या टेपांचा कुणाला तरी उपयोग झाला.

हसताय? बघा, तुम्हालाही माहितेय.

बरं, मला एक सांगा. तो नायक — संशोधक, मोठा विद्वान, सगळं जग त्याला विचारून चालतं — त्याच्या चष्म्याला काचा का नव्हत्या? लाईट चमकतात म्हणून काढल्या? ठीक आहे, काढा. पण मग त्याला त्या चष्म्यातून बोट घालून डोळे पुसायला कोण म्हणालं? सहाव्या भागात बहीण मरते, तो रडतो, आणि तर्जनी सरळ फ्रेममधून आत! आरपार! आणि तुम्ही ते ठेवलंत. आणि वर तो म्हणतो काय, “विज्ञान जिथे संपतं, तिथे विहीर सुरू होते.” हे कुणी लिहिलं? — तुम्ही? स्वतः? — नाही, काही नाही. वाटलंच होतं मला.

आणि तुमची मध्यरात्र! रात्री शूटिंगला परवानगी नाही, म्हणून भर उन्हात कॅमेऱ्यासमोर निळी काच लावायची आणि म्हणायचं, झाली रात्र. अहो, मागच्या भिंतीवर कुणाच्या तरी चादरी वाळत घातल्यात, चिमण्या चिवचिवतायत, लांबून शाळा सुटल्याची घंटा ऐकू येतेय, आणि नायक डोळ्यांवर हात आडवा धरून इकडेतिकडे बघतोय. चांदण्यानं डोळे दिपलेला जगातला एकमेव माणूस! वटवाघूळ दोऱ्याला बांधलेलं. तेही एकच, डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडूनच उजवीकडे, तिसऱ्यांदा तर गाठच दिसते. मेणबत्ती विझते तर खोलीत जास्त उजेड पडतो. धुराच्या यंत्रानं बिचारा नायक खोकतो, तर पुढच्या वाक्यात नायिका विचारते, “तुम्हाला कसली चाहूल लागली का?” चाहूल! दम लागलाय त्याला! — हो, हो, वेळ नव्हता, माहितेय, दिवसाला एक भाग, साधनं नव्हती, सगळी कारणं पाठ आहेत मला. तुमच्या वयाच्या सगळ्या माणसांकडे ती एकाच दुकानातून घेतल्यासारखी असतात. साधनं नव्हती म्हणून चष्म्यात बोट घालावं लागतं का हो?

हे बघा, मी सरळ बोलते. तुम्हाला ज्या कार्यक्रमाला बोलावलंय ना, जिथे हा आठवा भाग दाखवणारेत — तो सत्कार नाहीये, काका. ‘हसून मरा’ असं नाव आहे त्याचं. कॉलेजची मुलं जमतात, मोठ्या पडद्यावर जुन्या भंगार मालिका लावतात आणि फिदीफिदी हसतात, शिट्ट्या मारतात, पडद्यावर चपला फेकायचा आवाज काढतात. तुम्हाला स्टेजवर बसवतील, फुलं देतील आणि मग तासभर तुमच्या तोंडावर हसतील. तुम्ही चांगला कोट घालून जाणार आणि — माहितेय? तुम्हाला माहितेय? मग? तरीही जाणार? — “निदान बघतील तरी.” अरे देवा. तुम्ही आणि माझी आई, दोघंही एकाच मातीचे. कुणी पायपुसणं केलं तरी म्हणायचं, चला, निदान पाय तरी लागले.

नाही, त्यात आईचा काय संबंध? काही नाही. आईचं असंच तोंडात येतं माझ्या. चहा होईल आता. घड्याळ काय बघताय, घाई आहे का तुम्हाला?

घाई. हां. तुम्ही माझा तो व्हिडिओ बघितलात ना, तुम्ही फोनवर म्हणालात, त्यातूनच तुम्हाला पत्ता लागला. चार मिनिटांचा आहे. कॅसेट सापडली, मी कॉम्प्युटरवर घेतली, मध्ये मध्ये माझा आवाज घातला आणि टाकून दिला. अकरा लाख लोकांनी बघितला. तुमची मालिका लागायची तेव्हा तरी बघितली होती का हो अकरा लाख लोकांनी? आणि सगळ्यात जास्त हसले ते कशाला, माहितेय ना? भुताच्या हातातल्या घड्याळाला! आठ भाग झाले, भूत नुसतं पाठमोरं दिसतंय, लांब केस, पांढरा झगा, आणि आठव्याच्या शेवटी पहिल्यांदा त्याचा हात येतो — लांबून, हळूहळू, नायकाच्या खांद्यावर — आणि मनगटावर घड्याळ! बायकांचं, बारीक पट्ट्याचं. थांबवून बघितलं तर वेळही दिसते. पावणेचार! नायक म्हणतोय बारा वाजले आणि भुताच्या घड्याळात पावणेचार! आता लोक त्याला ‘पावणेचारचं भूत’ म्हणतात, तुम्हाला माहीत नसेल, टी-शर्टवर छापलंय कुणीतरी.

काय म्हणालात? नायिकेचंच असेल घड्याळ? का बरं? — भूत तिनंच केलं होतं? नायिकेनं?

नायिकेनं केलं होतं.

काका, तुम्ही दिग्दर्शक होतात ना हो? का तुम्हीही काचा नसलेला चष्मा घालून बसला होतात? नायिका त्या गवतात पाय ठेवायला तयार नव्हती, किडे आहेत म्हणून! ती मेकअपच्या खोलीतून बाहेर यायची तीच मुळी पंख्यासकट! नायिकेचे केस खांद्यापर्यंत होते आणि भुताचे कमरेखाली, हे तुम्ही रोज बघत होतात आणि तुम्हाला — नाही, मी आवाज चढवत नाहीये. आवाज असाच आहे माझा. ज्या मुलीला भुताच्या कामाला ठरवलं होतं ती पहिल्या दिवशी आलीच नाही, आठवतं? मग तुम्ही इकडेतिकडे बघितलंत आणि कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला म्हणालात, “तुझे केस बरे आहेत, पाच मिनिटं पाठमोरी उभी राहा.” पाच मिनिटं! तेरा भाग झाले त्या पाच मिनिटांचे! तेरा भाग पाठमोरी चालली ती बाई तुमच्या गवतातून, आणि शेवटी नावांच्या पाटीवर चहावाल्याचं नाव, जनरेटरवाल्याचं नाव, ज्यांनी त्या चादरी वाळत घातल्या होत्या त्या घरमालकांचेसुद्धा आभार, आणि भूत? भूत कुणी केलं? कुणी नाही. आपोआप झालं. खरंच भूत होतं.

झालं. बोलले मी. शपथ गेली. आता तुम्ही “हो हो, आठवलं, आठवलं” म्हणणार, गहिवरणार, आणि मला कधीच कळणार नाही की खरंच आठवलं का कॅसेटसाठी आठवलं. माझ्या जिभेला काही हाड नाही, आई म्हणते तेच खरं.

हो. आईच. आतमध्ये तिसऱ्यांदा केस विंचरतेय ती आई.

थांबा, आता ऐकाच. तिचं काम काय होतं? वही. कपडे आणि वही. कुठल्या शॉटमध्ये कुणी काय घातलं होतं ते लिहून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी चूक व्हायला नको. वही आहे अजून, दाखवते नंतर — “नायक, वरच्या खिशात पेन, टोपण निळं, दुसरं बटण उघडं. नायिका, डाव्या कानातलं किंचित तिरकं.” तिरकं सुद्धा लिहिलंय! अख्ख्या मालिकेत सगळं चुकलं, उजेड चुकला, आवाज चुकले, विहीर चुकली, पण कपड्यात एक चूक दाखवा मला. मी शोधली. काढायचीच म्हणून शोधली. नाही सापडली. सगळ्यांच्या अंगावरचं ती तपासायची. आणि ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली तेव्हा तिला कुणी तपासायचं? कुणी नव्हतंच ना! तपासणारी बाईच भूत झालेली! झगा तिनं स्वतः घातला, स्वतःच आरशात बघितलं, आणि मनगट — मनगट राहून गेलं. सत्तर-ऐंशी पानांच्या त्या वहीत भुताचं पान नाहीये. सगळ्यांची पानं आहेत, भुताचं नाही.

आणि घड्याळ काढलं का नव्हतं, ते विचारा. विचारा ना. — कारण तिला बस गाठायची होती. मी पाच महिन्यांची होते, शेजारच्या काकूंकडे ठेवलेली, बाबा पाळीवर, आणि मी वरचं दूध घेत नव्हते. तोंडात घातलं की थुंकायचे म्हणे. हट्टी, तेव्हापासूनच. मग ती सकाळी पाजून यायची आणि संध्याकाळच्या आत पोचायची, आणि मधल्या वेळात दर पाच मिनिटांनी ते घड्याळ बघायची. हात पुढे करायचा तो शॉट तुम्ही लांबवत राहिलात, ढग आला, ढग गेला, निळी काच पडली, आणि पावणेचार वाजले. म्हणून भूत असं भराभरा चालत येतं शेवटी. आठवतं? पहिल्या सात भागांत तरंगत यायचं आणि आठव्यात चालायलाच लागतं, जवळजवळ पळतंच.

आणि मी — व्हिडिओत मी काय बोललेय तिथे, माहितेय ना तुम्हाला? सगळ्यात जास्त गाजलेलं वाक्य. “बघा बघा, भुताला कुठेतरी जायची घाई आहे!”

काय? — नाही, तेव्हा नव्हतं माहीत! माहीत असून टाकीन का मी? कसली माणसं असता हो तुम्ही! मला एवढंच माहीत होतं की आई लग्नानंतर थोडे दिवस कुठेतरी टीव्हीवाल्यांचे कपडे शिवायची. तिनं कधी सांगितलंच नाही. ही कॅसेट खणात सापडली तेव्हा मी विचारलंही नाही की हा एकच भाग का, आठवाच का. आता कळतं. त्यातच तेवढा तिचा हात आहे ना. बाकी सगळी पाठ. पाठ कशाला कोण रेकॉर्ड करून ठेवेल?

मी दाखवला तिला व्हिडिओ. जेवताना. मोठ्या ऐटीत, की बघ, आई, लाखावर गेला. ती हसत होती हो — चष्म्यातल्या बोटाला तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तो हात आला, मग माझं ते वाक्य आलं. तिनं फोन जवळ घेतला. म्हणाली, “थांबव.” म्हटलं, काय झालं? म्हणाली, “हे घड्याळ माझं आहे.” आणि उठून भांडी घासायला गेली. बस्स. रागावली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं, तेही कसं, तर गुन्हा कबूल करावा तसं. तिच्यामुळे तुमची मालिका बुडाली असं वाटतं तिला! सव्वीस वर्षं तिला वाटतंय, की एवढी भीतीदायक मालिका होती आणि हिच्या मनगटापायी लोक हसले! भीतीदायक! तुमची मालिका! आता मी तिला कसं सांगू, की आई, घड्याळ हीच त्यातली एकमेव खरी गोष्ट होती? नाही सांगता येत. मला चिडवता येतं, ओरडता येतं, व्हिडिओ करता येतो. हे असलं काही येत नाही.

शू. आली बहुतेक. काही बोलू नका, मी सांगितलंय म्हणून — नाही, बोला. बोला, पण — देवा रे.

आई, ये ना. बस इथे, ती खुर्ची नको, ती डुगडुगते. हे बघ, काका आलेत, आणि — अगं, ते घड्याळ कशाला घातलंस? बंद आहे ते. काढ. बरं, नको काढू. — काय? — आई! आई, तू माफी मागतेस? यांची? हात जोडतेस? अगं, यांनी तुझं नाव — नाही, मी गप्प नाही बसणार! घड्याळाचं चुकलं म्हणे! त्यांचं काय काय चुकलं त्याची यादी करायला तुझी ती वही पुरणार नाही, आणि तू —

काय म्हणालात, काका?

दिसलं होतं. तुम्हाला दिसलं होतं? तेव्हाच? कॅमेऱ्यातून? मघाशी तर नायिकेचं म्हणालात — आता हिच्या मनगटावर बघून आठवलं? — मग “कट” का नाही म्हणालात? — वा. वा, काका. छान सुचलं. आत्ता सुचलं ना? मी इथे सगळं तुमच्या हातात आयतं दिलं, आणि तुम्ही त्याचं — नाही, आई, मला बोलू दे, ही असली माणसं मला बरोबर कळतात. म्हणे पुन्हा घेतला असता तर अर्धा तास गेला असता. म्हणे मग हिची चार-दहाची बस चुकली असती आणि पुढची थेट साडेसहाला, म्हणून —

एक मिनिट.

चार-दहा कुणी सांगितलं तुम्हाला?

मी बस म्हणाले होते. आई, मी नुसतं बस म्हणाले होते. चार-दहा नाही म्हणाले. साडेसहा तर मलाच माहीत नव्हतं. साडेसहालाच होती का पुढची? — आई?

हो? साडेसहालाच.

ठीक आहे. रडू नकोस. काका, तुम्हीही — हे रुमाल बिमाल इथे नको, मला असलं काही बघवत नाही. आणि हे बघा, म्हणून मालिका चांगली ठरत नाही. मालिका भिकार ती भिकारच, विहीर पुठ्ठ्याचीच, तुम्ही काही म्हणा. व्हिडिओ मी काढणार नाही. ते एक वाक्य काढेन. घाईचं. तेवढंच.

कॅसेट टीव्हीखाली आहे, डावा खण. नीट धरा, टेप सुटते. आणि त्या कार्यक्रमात हात आला की त्यांना थांबवायला सांगा आणि हिचं नाव घ्या, मोठ्यानं — काय नाव ते हिलाच विचारा, मी नाही सांगणार. आई, तू बस. बस म्हणते ना. चहा मी टाकते.